मेडिकलला जायचंय, मग मेजर कोणता घ्यायचा?

अमेरिकेत आपल्या घरांमधला पहिला गोंधळ इथेच होतो. भारतात बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल स्कूल. 'प्री-मेड' ही बहुतेक कॉलेजांत पदवी नसतेच, ती नुसती तयारी असते. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणताही चालतो; ठरलेले विषय मात्र पुरे करावे लागतात.

म्हणून मेजरचं नाव नंतर. आधी कोरा कागद घ्या आणि आठ सेमिस्टरचे आठ रकाने पाडा. पहिल्या दोनांत जनरल केमिस्ट्री, पुढच्या दोनांत ऑरगॅनिक केमिस्ट्री, पाचव्यात बायोकेमिस्ट्री. ही साखळी एकावर एक उभी असते, मधली कडी गाळून पुढे जाता येत नाही. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत बायोकेमिस्ट्री भरपूर असते. चौथं वर्ष संपताच मेडिकलला जायचं असेल, तर तिसऱ्या वर्षाच्या वसंतात एमकॅट आणि जूनच्या सुमारास अर्ज. म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला सुरुवात हवी. बायोलॉजी, फिजिक्स, संख्याशास्त्र आणि इंग्रजी उरलेल्या जागी बसवा. 2015 पासून एमकॅटमध्ये मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आहे, तेव्हा त्यांचा एकेक कोर्स घ्या. हायस्कूलमध्ये कॉलेजच्या पातळीचे एपी कोर्स करून मिळालेल्या क्रेडिटवर केमिस्ट्री सोडून देऊ नका. काही मेडिकल स्कूल्स ते धरत नाहीत.

आता गुणांचं. मी बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेतलं होतं, कारण मेडिकलला नाही लागले तर नोकरी तरी मिळेल असं घरात ठरलं होतं. दुसऱ्या वर्षी सर्किट्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि ऑरगॅनिक एकाच सेमिस्टरला आले. ऑरगॅनिकमध्ये सी ग्रेड मिळाली. वर्षभराने तोच कोर्स पुन्हा करून ए आणला. कॉलेजने जुना सी जीपीएतून, म्हणजे ग्रेडच्या सरासरीतून, काढला आणि मी निर्धास्त झाले. पण एएमकॅस या मेडिकल स्कूल्सच्या सामाईक अर्जसेवेत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, समोर ठेवून प्रत्येक कोर्स एकेक करून भरायचा असतो, आणि तिथे दोन्ही प्रयत्न मोजतात. सीचे 2.0 आणि एचे 4.0, सरासरी 3.0. त्या रात्री तो आकडा बघत मी किती वेळ बसले होते! साखळी लांबल्यामुळे वर्षही गेलं.

एएमकॅस बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळाही काढतं. इंजिनिअरिंगचे कोर्स त्यात येत नाहीत. म्हणजे सर्किट्समध्ये मार खाल्ला तर एकूण जीपीए घसरतो, आणि तिथला ए विज्ञानाच्या जीपीएला हातभार लावत नाही. इंजिनिअरिंगची खरी ओढ असेल तर जरूर घ्या. केवळ सुरक्षित म्हणून घेऊ नका.

मी मेजर बदलून भाषाशास्त्र घेतलं. नातेवाईक हळहळले. पण तिथे अभ्यासाचं ओझं वाटेना, आणि विज्ञानाच्या कोर्सना नीट वेळ मिळाला. एमकॅटच्या चार भागांपैकी एकात विज्ञान नसतंच, नुसते उतारे वाचून लेखकाचा युक्तिवाद पकडायचा असतो. तोच माझा सगळ्यात चांगला भाग ठरला. बायोलॉजी घेऊ नका असं मी म्हणत नाही. आवडत असेल तर उत्तमच, निम्मे कोर्स आपोआप होतात. पण अलीकडे दरवर्षी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना प्रवेश मिळतो. तेव्हा मेडिकल झालंच नाही तरी ज्या पदवीवर तुम्ही आनंदाने उभे राहाल, तीच घ्या.

एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट आजच बघावी. बरीच मेडिकल स्कूल्स नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर अर्ज घेत नाहीत. कुठे घेतात त्याची यादी कॉलेज निवडण्याआधी करा.

परवा मावसबहिणीच्या लेकीबरोबर असाच कागद मांडला. तिला संगीत घ्यायचंय. साखळी बसली, फिजिक्स उन्हाळ्यात गेलं, आणि अडलं ते ऑरगॅनिकच्या लॅबवर. लॅब मंगळवारी दुपारी, वाद्यवृंदाची तालीमही तेव्हाच. सकाळची बॅच कोणत्या सेमिस्टरला असते, हे विचारायला तिने केमिस्ट्री विभागाला तिथल्या तिथे मेल केला.