कुडूच्या शिकारीला रायफल ठरली, पण गोळी कोणती घेणार?

आधीच सांगतो, आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, नान्नजच्या अभयारण्यात काळवीट दिसलं तर दुर्बिणीतून बघायचं आन् गप घरी यायचं. हे लिहितोय ते सोलापुरातनं नामिबिया, साऊथ आफ्रिकेत कामाला गेलेल्या आपल्या पोरांसाठी, तिकडं परमिट काढून शिकार करता येते आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, दादा, कुडूला (तिकडचं मोठं हरीण) थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६ काडतुसाची रायफल) चालेल का. चालेल की, पण तिच्यात घालणार काय ते बोल ना आधी.

साधी गोळी म्हणजे आत शिसं, वरून तांब्याचं पातळ जॅकेट. स्प्रिंगबॉकला, म्हणजे तिकडच्या लहान हरणाला, मस्त. पण तीच जवळून, फुल स्पीडमध्ये कुडूच्या खांद्याच्या हाडावर बसली तर तिथंच फुटू शकते, फुफ्फुसापर्यंत जातच नाही, जनावर जखमी होऊन पळतं आणि मग बसा माग काढत. १९४६ साली जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याची गोळी कॅनडात मूसवर (तिकडचं भलंमोठं सांबरासारखं जनावर) अशीच फेल गेली, म्हणून त्यानं पार्टिशन नावाची गोळी काढली, मधे तांब्याची आडवी भिंत, पुढचं तोंड फुलतं आणि मागचा भाग घुसत राहतो. १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) ही घ्या नाहीतर बाँडेड, म्हणजे शिसं जॅकेटला चिकटवलेली. जनावर तिरकं उभं असलं तर हीच कामाला येते.

पूर्ण तांब्याची गोळी मला जास्त आवडते, खोल जाते, मटणात शिशाचे कण नाहीत. फक्त तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळं तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते, म्हणून १८० ऐवजी १६५-१६८ बघा, आणि लांबवर जाऊन वेग फार पडला तर ती नीट उघडत नाही, कंपनी किमान वेग देते तो वाचाच.

नामिबियात नळीच्या तोंडाशी किती एनर्जी पाहिजे तेही कायद्यात आहे, स्प्रिंगबॉकला १३५० ज्यूल, कुडू आणि एलंड (त्याहून मोठं हरीण) यांना २७००, रानम्हैस-हत्तीला ५४००. १८० ग्रेन म्हणजे ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२० मीटर धरला तर ३९०० च्या आसपास, म्हणजे कुडूला बिनधास्त, म्हशीचं नाव काढू नका, तिथं थ्री-सेव्हंटी-फाइव्ह (.३७५, जास्त ताकदीची रायफल) लागते. हत्तीला तर न फुलणारी सॉलिड गोळीच.

आणि गोळी बदलली की स्कोप परत झिरो करा, म्हणजे टार्गेटवर मारून निशाणा जुळवून घ्या, ब्रँड बदलला तरी निशाणा हलतो, डबीवर वजन सेम लिहिलंय म्हणून सोडू नका.