सीओटू वेल्डिंगचा आर्क तुटतोय? नॉबला हात लावण्याआधी या चुका टाळा

"मालक, मशीन गेलं वाटतं." सकाळी शेडचं कुलूप काढून अर्धा तास झाला नसेल, तोवर पोरगं सांगत आलं. उसाच्या ट्रॉलीची चॅसी अर्धी जोडून पडली होती. आर्क, म्हणजे मशीनमधून येणारी तार आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणारी विजेची ज्योत, पेटायचा, दोन बोटं चालायचा आणि फट्‌ करून तुटायचा. मी विचारलं, "काल संध्याकाळी चालत होतं?" "चालत होतं की." "मग रात्रीत नॉब कुणी फिरवला?" रात्रीत कुणीच नाही. पण सकाळपासून त्यानं व्होल्टेज आणि तारेचा वेग इतक्या वेळा हलवला होता, की कालचं सेटिंग काय होतं ते आता कुणालाच सांगता येईना.

माझ्या मते सगळ्यात महागाची चूक हीच. काल नीट चाललेल्या मशीनचं सेटिंग रात्रीत आपोआप बिघडत नाही. काहीतरी झिजलेलं असतं, चोंदलेलं असतं किंवा ढिलं झालेलं असतं. म्हणून जे सेटिंग चांगलं चालतंय ते मार्करनं मशीनच्या अंगावरच लिहून ठेवा, आणि शोध टॉर्चच्या (हातात धरायच्या वेल्डिंगच्या बंदुकीच्या) टोकापासून मागे मागे घेत जा.

बारीक तारेनं आणि कमी करंटवर काम करताना तारेचं टोक वितळलेल्या धातूला टेकतं, शॉर्ट होतं, तुटतं आणि पुन्हा पेटतं. हे सेकंदाला २० ते २०० वेळा घडतं. कढईत भजी पडल्यावर येतो तसा एकसारखा चरचर आवाज आला की समजावं, गाडी रुळावर आहे. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: तार एका चालीनं यायला हवी आणि करंट न तुटता मिळायला हवा. यातलं एक जरी अडखळलं तरी आवाज फुटतो.

टिप: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

त्या दिवशी मी टॉर्चच्या पुढची टोपी, म्हणजे नोझल, काढून टिप उजेडाकडे धरली. टिप म्हणजे तार ज्या भोकातून बाहेर येते आणि जिथून तिला करंट मिळतो तो तांब्याचा तुकडा. भोक गोल राहिलंच नव्हतं, एका बाजूनं घासून लांबट झालं होतं. अशा भोकात तार डुलते. ती क्षणभर तांब्याला टेकते, क्षणभर सुटते, आणि सुटते त्या क्षणी ठिणगी टिपच्या आतच पडते. मग तार आत चिकटते. नवीन टिप बसवली, सेटिंग पुन्हा जुळवलं, आणि दहा मिनिटांत मशीन रांगेला लागलं.

इथे दोन चुका हमखास दिसतात. तार अडकते म्हणून टिपचं भोक मोठं करणं ही पहिली. दुसरी म्हणजे ०.८ मिमीच्या तारेला १ मिमीची टिप लावणं, "मोकळी चालते" म्हणून. मोकळी चालते हे खरं, पण करंट घ्यायला तिला आधारच उरत नाही. आणि टिप हातानं नुसती फिरवून सोडू नका, पान्यानं आवळा. ढिली टिप तापते आणि लवकर मरते.

रोलर आवळणं हा इलाज नव्हे

तार घसरली की आपल्याकडे पहिला हात तार पुढे ढकलणाऱ्या रोलरच्या स्क्रूवर जातो. जास्त आवळलं की तार चपटी होते आणि तिच्यावरचा तांब्याचा मुलामा खरवडला जातो. फीडरचं (रोलर असतात त्या भागाचं) झाकण उघडा. रोलरखाली तांबूस भुकटी साचलेली दिसली तर तीच भुकटी लायनरमध्येही (टॉर्चच्या केबलमधल्या, तार जायच्या नळीत) गेली आहे असं समजा. मग ती लायनर चोंदवते, तार आणखी घसरते, आणि माणूस आणखी आवळतो.

खरी परीक्षा अशी करा. मशीन बंद करा, रोलरचा दाब सोडा, टॉर्चची केबल सरळ करा आणि पुढून पक्कडीनं तार ओढा. सरसर आली तर लायनर ठीक. खेचावी लागली तर तार आणि टिप काढून लायनरमधून कॉम्प्रेसरची हवा मारा, तरीही जमलं नाही तर लायनर बदला. तारेचं बंडल बदलताना प्रत्येक वेळी हवा मारायची सवय लावून घ्या. रोलरची खाच तारेच्या मापाची आहे ना, आणि बंडलचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त आवळलेला नाही ना, हेही तेव्हाच बघून होतं.

अर्थ क्लॅम्प

करंट मशीनकडे परत नेणाऱ्या केबलचा हा चिमटा. रंगवलेल्या अँगलवर, गंजलेल्या टेबलाच्या पायावर, हाताला येईल तिथे क्लॅम्प टाकला जातो, आणि मग शिव्या मशीनला पडतात. दोन इंच जागा ग्राइंडरनं चकचकीत करा आणि क्लॅम्प थेट जॉबवर (जोडायच्या लोखंडावर), जोडाच्या जवळ लावा. तेवढ्यानं आर्क सुधारला तर दोष सापडला. केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं थिंबलही तपासा. तासभर काम झाल्यावर तिथलं रबर मऊ पडत असेल, वास येत असेल, तर तो जोड ढिला आहे.

वितळलेला धातू हवेपासून झाकणाऱ्या गॅसच्या चुकीनं आर्क बिघडण्यापेक्षा वेल्डच्या टाक्यात भोकं जास्त पडतात, तरी दोन गोष्टी सांगतो. मिनिटाला १२ ते १५ लिटर पुरतात. त्याहून फार वाढवलं तर गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. रेग्युलेटरवर बर्फ धरत असेल तर हीटर चालू आहे का बघा. सीओटूच्या बाटलीत द्रव असेपर्यंत दाबाचा काटा जवळजवळ एकाच जागी राहतो, म्हणून किती उरलंय ते काट्यावरून कळत नाही, बाटली वजन करूनच कळतं.

नवीन छोटं इन्व्हर्टर मशीन घेतलेल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. गॅससोबत चालणाऱ्या साध्या तारेला टॉर्च प्लसवर लागते. बिनगॅसच्या फ्लक्स तारेला (पोटात पावडर भरलेल्या तारेला) बहुतेक वेळा टॉर्च मायनसवर लागते. पुड्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. उलट जोडलं की आर्क थुंकत राहतो आणि नवशिक्याला वाटतं, आपला हातच बसला नाही.

हे सगळं झाल्यावरच नॉबकडे या. सुरुवातीला सोपा हिशोब धरा: अँपिअरला ०.०५ नं गुणा आणि त्यात १४ मिळवा. १०० अँपिअरला १९ व्होल्ट, १६० ला २२. तार टॉर्चला मागे रेटत असेल तर वेग जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. टोकाला गोळा धरून तार टिपपर्यंत जळत असेल तर उलट. एका वेळी एकच नॉब, तोही थोडासाच हलवा.

तरीही संध्याकाळीच आर्क बिघडत असेल, किंवा लांब एक्सटेंशनवरच बिघडत असेल, तर मशीनच्या प्लगजवळ लाइनचा व्होल्टेज मोजायला लावा, तोही दुसरा माणूस वेल्डिंग करत असताना. मशीन रिकामं असताना मीटर २३० दाखवेल. आर्क पेटल्यावर काटा १९० वर येत असेल, तर एक्सटेंशनची वायर जाड घ्या किंवा मशीन बोर्डाजवळ न्या.