ट्रक कॅम्पर की कॅम्पर व्हॅन: ठाणे-नवी मुंबईकरांनी आरामाच्या दृष्टीने निवड कशी करावी

फिरते घर घेऊन सुटीला निघण्याची इच्छा असणाऱ्यांसमोर मुख्यतः दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे पिकअपच्या हौद्यावर बसवलेली राहण्याची पेटी, जिला ट्रक कॅम्पर म्हणतात. दुसरा म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर किंवा अर्बानियासारख्या व्हॅनच्या आतच पलंग, ओटा आणि शौचालय बसवून केलेली कॅम्पर व्हॅन. या विषयावरचे बरेचसे मार्गदर्शन अमेरिकेतील प्रशस्त अंगणे, तिथल्या जड पिकअप आणि कोरडी हवा गृहीत धरून केलेले असते, त्यामुळे ते जसेच्या तसे इथे लावले तर निवड चुकण्याची शक्यता असते. आराम हाच मुख्य निकष असेल, तर गाडी रोज कुठे उभी राहणार, आत कोण झोपणार आणि दमट रात्री आतली हवा कशी राहणार, या प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत. इंजिनाची ताकद, फोर बाय फोर, आतली सजावट या गोष्टींचा विचार त्यानंतर करावा.

उभी करण्याची जागा

ट्रक कॅम्परच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मोठा फायदा म्हणजे पेटी उतरवता येते. पेटीच्या चार कोपऱ्यांना जॅक असतात. त्यांवर पेटी उचलून धरायची, पिकअप खालून पुढे काढायची आणि आठवडाभर ती साधी गाडी म्हणून वापरायची, अशी ही सोय आहे. ज्यांच्याकडे मोकळी जमीन आहे, त्यांच्यासाठी ती खरोखरच उत्तम आहे. परंतु घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या संकुलात किंवा वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको वसाहतीत उतरवलेली पेटी ठेवायची कुठे, हा प्रश्न विकत घेण्याआधीच सोडवावा लागतो. सोसायटीने दिलेली जागा गाडीसाठी असते. तिथे महिनोन्‌महिने जॅकवर उभ्या असलेल्या पेटीला कोणतीही व्यवस्थापन समिती सहजासहजी संमती देणार नाही, आणि लहान मुले खेळतात अशा आवारात तिने ती देऊही नये. मुरबाड, कर्जत किंवा पनवेलच्या पुढे स्वतःची शेतजमीन अथवा घर असेल तर गोष्ट वेगळी. तसे नसेल, तर ट्रक कॅम्परचा हा फायदा तुमच्या हिशेबातून वजा करावा.

व्हॅनची अडचण उंचीची असते. उंच छताची व्हॅन साधारण अडीच मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असते, आणि छतावर एसी व सौर पॅनेल बसवल्यावर त्यात आणखी भर पडते. नव्या इमारतींच्या पोडियममध्ये किंवा स्टिल्टखाली ती बहुधा जाणार नाही. यासाठी टेप घेऊन स्वतः मोजावे, आणि प्रवेशद्वाराजवळच्या फलकावरील आकड्यावर विसंबू नये, कारण आत पुढे गेल्यावर तुळया, अग्निशमनाचे पाइप आणि रॅम्पचा उतार यांमुळे प्रत्यक्ष मोकळी उंची त्याहून कमी असू शकते. पेटी उतरवलेल्या पिकअपच्या बाबतीत उंचीची अडचण नसली तरी लांबीची असते. हायलक्स किंवा व्ही-क्रॉस यांची लांबी ५.३ मीटरच्या घरात आहे, तर सोसायट्यांमधली आखलेली जागा साधारण पाच मीटरची असते. म्हणजे गाडीचे नाक किंवा मागचा भाग येण्याजाण्याच्या वाटेत राहतो. कोणतीही गाडी ठरवण्याआधी समितीकडून लेखी संमती घ्यावी. तोंडी होकार समिती बदलली की संपतो.

झोपणार कोण

ट्रक कॅम्परमध्ये मुख्य पलंग बहुतेक वेळा कॅबिनच्या वर असतो. त्याच्यावर चढावे लागते, वर नीट बसताही येत नाही, आणि रात्री शौचालयाला जायचे असेल तर अंधारात खाली उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना सोबत न्यायचे असेल तर हा पर्याय इथेच बाद करावा. तरुण जोडप्याला मात्र हीच रचना आवडू शकते, कारण पलंग कायम मांडलेला राहतो आणि खालची जागा बसण्या-जेवण्यासाठी मोकळी असते. लहान व्हॅनमध्ये रोज रात्री बैठकीचा पलंग करावा लागतो आणि सकाळी तो मोडावा लागतो. एक-दोन रात्रींच्या सहलीत याचे काही वाटत नाही. आठ दिवसांच्या प्रवासात मात्र या एका कामाचा कंटाळा इतर सगळ्या गैरसोयींपेक्षा जास्त येतो, म्हणून जागा असेल तर एक पलंग कायमस्वरूपी ठेवावा.

प्रवास चालू असताना कोण कुठे बसणार, याचाही विचार करावा. व्हॅनमध्ये सर्वजण एकाच जागेत, पट्टा लावून, एकमेकांशी बोलत बसू शकतात. मळशेज घाटात मुसळधार पाऊस लागला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून, दार न उघडता मागे जाता येते, चहा करता येतो, ओल्या मुलांचे कपडे बदलता येतात. ट्रक कॅम्परमध्ये कॅबिन आणि पेटी हे दोन वेगळे भाग असतात आणि एकातून दुसऱ्यात जायचे तर बाहेर उतरावेच लागते. चालत्या पिकअपच्या पेटीत माणसे बसवणे धोक्याचे आहे, आणि मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीच्या मागे प्रवासी बसवणे बेकायदाही आहे. त्यामुळे डबल कॅब पिकअपमध्ये चार-पाच आणि सिंगल कॅबमध्ये दोन-तीन, एवढीच तुमची प्रवासी संख्या राहते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हेच सहलींचे महिने आहेत. हे लक्षात घेतले तर कॅबिनमधून मागे जाण्याची वाट असणे ही माझ्या दृष्टीने आरामाची पहिल्या क्रमांकाची गोष्ट आहे, आणि कुटुंबासाठी मी व्हॅनच सुचवतो त्याचे मुख्य कारण हेच.

मोजमापांचा अंदाज कागदावर येत नाही. त्यासाठी घरच्या दिवाणखान्यात चिकटपट्टीने गाडीच्या आतल्या लांबी-रुंदीचा चौकोन आखावा, त्यात पलंग, ओटा आणि शौचालय यांच्या रेषा ओढाव्यात आणि घरातल्या सर्वांनी एक संध्याकाळ त्या चौकोनात वावरून पाहावे. दोघांना एकमेकांना ओलांडून जाता येते का, सर्वांत उंच माणूस पाय न दुमडता झोपतो का, हे लगेच कळते. पलंग आडवा ठेवायचा असेल तर व्हॅनची आतली रुंदी भिंतींचे अस्तर लावल्यानंतर किती उरते ते विचारावे, कारण दोन्ही बाजूंचे अस्तर धरून चार-पाच सेंटिमीटर सहज जातात आणि पावणेसहा फुटांच्या माणसासाठी तेवढेही महत्त्वाचे ठरतात.

हवा, उष्णता आणि ओल

या बाबतीत ट्रक कॅम्पर वरचढ ठरू शकतो, आणि हे मान्य केलेच पाहिजे. त्याची पेटी शून्यातून बांधली जाते, त्यामुळे भिंती, छत आणि तळ हे सर्व पफ पॅनेलचे करता येतात. तुर्भ्याच्या बाजार समितीत किंवा तळोजा औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या शीतवाहनांच्या पेट्या याच तत्त्वावर बांधलेल्या असतात: दोन पातळ थरांमध्ये उष्णतारोधक फोम. व्हॅनचा सांगाडा मात्र पत्र्याचा असतो. पत्र्याच्या बरगड्यांमधल्या पोकळीत फोम भरता येतो, पण बरगड्या स्वतः उष्णता आत आणत राहतात आणि थंड केलेल्या गाडीत त्याच जागी पाणी सुटते. व्हॅन घेतलीच तर बंद छिद्रांचा रबर फोम पत्र्याला पूर्ण चिकटवून लावावा आणि बरगड्यांवरही त्याचा पातळ थर द्यावा. काचलोकर (ग्लास वूल) वापरू नये; कोकणाच्या दमट हवेत ती ओल धरते, खाली बसते आणि काही महिन्यांत आतून कुबट वास येऊ लागतो.

मे महिन्यात अलिबाग, मुरुड किंवा हरिहरेश्वरला रात्रीचे तापमान पंचविशीच्या खाली फारसे उतरत नाही आणि हवेत बाष्प भरपूर असते. अशा रात्री निव्वळ पंख्यावर झोप लागणे कठीण. एसी लावायचा तर विजेचा हिशेब आधी करावा. १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे २.५ युनिट वीज साठवते. पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण क्षमतेने चालताना ७०० वॅटच्या आसपास वीज घेतो, असे धरले तर अशा एका बॅटरीवर तो साडेतीन तासांच्या आसपास चालेल. खोली थंड झाल्यावर त्याची मागणी घटते म्हणून प्रत्यक्षात काहीसा जास्त. पूर्ण रात्रीसाठी दोन बॅटऱ्या धराव्यात, किंवा बाहेरून वीज मिळेल अशाच ठिकाणी मुक्काम ठरवावा. ट्रक कॅम्परची पेटी लहान आणि अस्तराने बंदिस्त असल्यामुळे त्याच एसीला तिथे काम कमी पडते. छताचा पंखा तीसेक वॅटमध्ये भागतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी भंडारदरा, इगतपुरी किंवा जुन्नरकडे जाणाऱ्यांना एसीचा खर्च आणि वजन दोन्ही टाळता येईल.

छतावर हवा आत खेचणारा आणि बाहेर फेकणारा, पावसातही उघडा ठेवता येईल असा झाकणाचा पंखा दोन्ही प्रकारच्या गाड्यांत असावाच. आत स्वयंपाक होणार असेल तर हवा खेळती राहणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी, कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र झोपण्याच्या जागेजवळ हवे आणि सिलिंडर बाहेर हवा जाईल अशा वेगळ्या कप्प्यात हवा.

वजन, घाट आणि कागदपत्रे

पिकअपवर पेटी बसवणाऱ्यांनी आरसी काढून विनाभार वजन आणि एकूण वजन यांतला फरक पाहावा. तेवढाच भार कायद्याने नेता येतो, आणि त्यातच पेटी, पाणी, बॅटऱ्या, सामान आणि माणसे या सर्वांचे वजन बसले पाहिजे. छत वर उचलून उघडणारे हलके कॅम्परही पाश्चात्त्य बाजारात सामान्यतः ४०० ते ६०० किलोंचे असतात आणि कडक भिंतींचे पूर्ण कॅम्पर त्याहून कितीतरी जड. मालवाहू म्हणून विकल्या जाणाऱ्या पिकअपची क्षमता टनाच्या पुढे असते. प्रवासी म्हणून विकल्या जाणाऱ्या आलिशान डबल कॅब पिकअपची त्या मानाने बरीच कमी. म्हणजे बसायला आरामशीर असलेली पिकअप पेटी वाहायला अपुरी पडते, आणि पेटी वाहू शकणारी पिकअप रिकामी असताना तिच्या स्प्रिंगच्या ताठ पाट्यांमुळे पाठ हलवून काढते. ही कोंडी व्हॅनमध्ये नाही, कारण तिथे भार कायम सारखा असतो आणि त्यानुसार सस्पेन्शन एकदाच जुळवून घेता येते.

उंच पेटीमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि कसारा किंवा मळशेजच्या वळणांवर ती व्हॅनपेक्षा जास्त झुकते. पेटीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या (अॅक्सलच्या) पुढे यावा, मागे येऊ नये. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या शक्य तेवढ्या खाली व पुढे ठेवाव्यात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे टाकी कुठे बसवली यावर गाडीचा स्वभाव बराच ठरतो.

कायद्याची बाजू हलक्यात घेऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. निवासी वाहनांसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्यानुसार मंजुरी मिळालेली गाडी घेणे किंवा तशी मंजुरी असलेल्या कारखान्यातच काम करून घेणे हा सरळ मार्ग आहे. ‘पासिंग आम्ही करून देतो’ एवढ्या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. मंजुरीची प्रत आधी पाहावी आणि ठाणे किंवा नवी मुंबईच्या आरटीओत स्वतः चौकशी करावी. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावेत. एकूण वजन ७५०० किलोंच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, त्यामुळे त्या बाबतीत दोन्ही पर्याय सारखेच.

कोणत्याही प्रकाराकडे मन झुकले तरी आधी तशी गाडी भाड्याने घेऊन पाहावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून हा व्यवसाय राज्यात रुजू लागला आहे. भाड्याची गाडी हिवाळ्यात न घेता एप्रिल-मे किंवा जुलैमध्ये घ्यावी, ज्यांच्यासाठी निवड करायची त्या सर्वांना सोबत न्यावे आणि किमान दोन रात्री काढाव्यात. पहिल्या रात्री नवेपणामुळे सगळेच चांगले वाटते.

गाडी तयार झाल्यावर पाण्याची टाकी भरून, सर्व सामान आणि सर्व माणसे घेऊन कळंबोली किंवा तळोज्याच्या एखाद्या वजनकाट्यावर ती न्यावी. आधी पूर्ण गाडी, मग केवळ पुढची चाके, मग केवळ मागची, असे तीन वेळा वजन करून पावत्या जपून ठेवाव्यात. मागच्या आसावरचा भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर सामान पुढे सरकवावे किंवा कमी करावे, टायरमधली हवा त्या भारानुसार भरून घ्यावी आणि त्यानंतरच गाडी घाटात न्यावी.