दुखऱ्या पायाला सायकल जुळवताना

पाय मोडून बरा होत आलेलं गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिली मागणी ठरलेली असते: "सीट जरा वर करून दे, गुडघा वाकत नाही." बेळगावच्या वडगावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. निम्मी गिऱ्हाइकं मागावर काम करणारी, निम्मी येळ्ळूरकडची शेतकरी नि दूधवाली. सीट वर करून दिली तर यांतला निम्मा माणूस पहिल्याच चौकात आडवा होईल, कारण गुडघा मोकळा झाला तरी पाय जमिनीला टेकत नाही. दुखऱ्या पायाला पायडल मारताना फारसं भय नसतं, अंगाचा भार बराचसा सीटवर असतो. भय असतं चढताना, निघताना आणि थांबताना. म्हणून मी सायकल त्याच क्रमाने जुळवतो. तुम्ही घरी करणार असाल तर तुम्हीही तोच क्रम धरा.

त्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून या. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसतंय का? त्या पायावर पूर्ण भार टाकायची परवानगी आहे का? गुडघा किती अंशात वाकतो? दुसरा प्रश्न लोक सोडून देतात. "सायकलवर बसूनच तर जायचंय," म्हणतात. पण कुत्रं आडवं आलं की कुठला पाय खाली टेकायचा हे आपण ठरवत नाही, तो आपोआप टेकतो. तिसरं उत्तर मला कागदावर लागतं. साध्या क्रँकवर, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतं त्या दांड्यावर, पूर्ण फेरी घ्यायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. ९० सुद्धा होत नसतील तर सायकल घरीच ठेवा, फिजिओथेरपीवाल्याकडे जात राहा. "भरलाय की आता पाय, मामा," एवढ्यावर मी पाना हातात घेत नाही.

आता सायकल कुठली? दांड्याची काळी जेन्ट्स सायकल बाजूला ठेवा. तिच्यावर चढायला पाय कॅरिअरवरून मागून टाकावा लागतो आणि तेवढा वेळ सगळा तोल एका पायावर असतो. बिनदांड्याची लेडीज सायकल घ्या, बहिणीची, मुलीची, कुणाचीही. यावर पुरुष माणसं फार लाजतात. एका दूधवाल्याने मला विचारलं, "गावात काय म्हणतील?" मी म्हटलं, पडलास तर जे म्हणतील त्यापेक्षा कमीच म्हणतील. दुधाच्या कॅनची कॅरिअरवरची जोडी मात्र उतरवायलाच हवी. वजन मागे लटकलं की सायकल थांबताना एका अंगाला ओढते.

चढायचा नियम असा: चांगल्या पायावर उभं राहायचं आणि दुखरा पाय फ्रेमच्या खोलगट भागातून पलीकडे न्यायचा. दुखरा उजवा असेल तर आपली रोजची सवयच चालते, सायकलच्या डाव्या अंगाला उभं राहून उजवा पलीकडे. दुखरा डावा असेल तर उजव्या अंगाने, म्हणजे चेनच्या बाजूने चढावं लागतं. ते हाताला आणि डोक्याला नवं असतं, शिवाय पायजमा चेनमध्ये जातो. त्यामुळे डाव्या पायाच्या माणसाला मी आधी चेनकव्हर बसवून देतो, मग बाकीचं बोलतो.

निघतानाची गोची जास्त आहे. चांगला पाय जमिनीवर ठेवला तर पहिला जोर दुखऱ्याने मारावा लागतो. चांगला पायडलवर ठेवला तर दुखऱ्यावर उभं राहावं लागतं. वाट एकच. दुखऱ्या बाजूचं पायडल तळाला आणा आणि पाय त्यावर नुसता ठेवा. आता चांगल्या बाजूचं पायडल आपोआप वर असतं. सीटवर बसूनच चांगल्या पायाने जमिनीला रेटा द्या. सायकल सरकली की तोच पाय उचलून वरच्या पायडलवर ठेवा आणि दाबा. पहिला जोर चांगल्याने मारला जातो, दुखरा फक्त फिरून येतो. जरासा उतार असेल तर अगदी सोपं. थांबतानाही हेच उलट: ब्रेक लावत दुखरं पायडल तळाशी ठेवा, सायकल चांगल्या अंगाला किंचित कलती करा, चांगला पाय टेका.

इथे डाव्या-उजव्याचा फरक पुन्हा येतो. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो. उजवा पाय दुखरा असेल तर डावा कडेला, कट्ट्यावर टेकता येतो. डावा दुखरा असेल तर टेकायचा पाय उजवा, म्हणजे गाड्यांच्या बाजूचा. अशा माणसाने रहदारीच्या रस्त्यावर जायची घाई करू नये. गोवावेसच्या चौकात तर अजिबात नको.

हे सगळं जमायला चांगल्या पायाचा तळवा बसल्या जागी जमिनीला पूर्ण टेकला पाहिजे. म्हणजे सीट खाली. आणि सीट खाली म्हणजे वर येणाऱ्या पायडलला गुडघा जास्त वाकणार. यातून सोडवतो तो आखूड क्रँक. मोठ्या माणसाच्या सायकलीचा क्रँक साधारण १६५ ते १७० मिमी असतो, एक्सलच्या मध्यापासून पायडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत. पायडल ४० मिमी आत घेतलं तर सीट न हलवता वरच्या टोकाला गुडघ्याला ४० मिमी जागा मिळते. तळाला पाय तेवढाच कमी सरळ होतो, त्याचं काही बिघडत नाही. पुढे तोल सावरला की सीटही ४० ने वर घ्या, एकूण ८० मिमी सुटतात. आखूड फक्त दुखऱ्या बाजूला केला तरी चालतं. थोडे दिवस लंगडं वाटतं, मग पाय विसरतो.

दुखरा डावा असेल आणि सायकल कॉटरच्या (क्रँक एक्सलला धरून ठेवणाऱ्या खिळीच्या) क्रँकची असेल तर काम सोपं: कॉटर काढा, लहान सायकलीचा डावा क्रँक बसवा. तो दुसऱ्या बाजूच्या क्रँकच्या बरोबर समोर, सरळ रेषेत आला पाहिजे. कॉटर उलट्या बाजूने ठोकला तर पायडलं वाकडी दिसतात. मुलांच्या काही सायकलींना दोन्ही बाजू मिळून एकच अखंड वाकवलेला क्रँक असतो. तो सुटा होत नाही, आणि त्याच्या पायडलचे आटेही अर्ध्या इंचाचे. मोठ्याचे असतात नऊ-सोळांश इंच. जबरदस्तीने पिळलं तर दोन्ही वाया जातील.

उजव्या क्रँकला चेनव्हील, म्हणजे पुढचं दात्यांचं चक्र, जोडलेलं असतं, ते बदलणं खर्चाचं. तिथे पट्टी. उद्यमबागेत लेथवाल्यांची काही कमी नाही. कुणालाही १२ मिमी जाडीची पोलादी पट्टी द्या आणि पायडलच्या आट्यांची भोकं पाडून घ्या, मध्यापासून मध्यापर्यंत २५ मिमी अंतराने. याहून जवळ घेतली तर दोन भोकांत धातू कमी उरतो. पट्टीचं एक टोक क्रँकच्या मूळ पायडलच्या भोकात बोल्टने, दुसरं क्रँकभोवती यू-क्लॅम्पने आवळायचं, आणि पायडल पट्टीच्या आतल्या भोकात लावायचं. दोन ठिकाणी धरलीच पाहिजे, एका बोल्टवर ती फिरते. बोल्ट लेथवर नवा करून घ्या. जुन्या पायडलचा एक्सल कापून वेल्डिंग करायला कुणीतरी सांगेलच. तो एक्सल कडक केलेला असतो, वेल्डपाशी तडकतो. आणि डाव्या बाजूसाठी पट्टी करत असाल तर लेथवाल्याला दोनदा बजावा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. अॅल्युमिनियमच्या क्रँकला मात्र नवीन भोक पाडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

पायडल साधं, रुंद, रबराचं. पट्टे, क्लिपा काही नकोत, पाय झटकन सुटला पाहिजे. घोट्याची दुखापत असेल तर चवड्याने दाबू नका, पाय पुढे सरकवून तळव्याचा मधला भाग पायडलवर आणा. घोटा मग फारसा हलत नाही आणि पोटरीवरचा ताणही उतरतो.

जोर कमी करायला फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र, बदला. आपल्या काळ्या सायकलींना बहुतेक पुढे ४४ दाते नि मागे १८ असतात. मागे २२ चं बसवलं की जोर पाचव्या हिश्शाच्या आसपास कमी लागतो. वेगही तेवढाच कमी होतो, ते बरंच. चाक थोडं पुढे सरकवावं लागेल किंवा चेनला एक जोड वाढवावा लागेल. गिअरची सायकल असेल तर हलक्या गिअरवर ठेवा. पायडलवर उभं राहून चढ चढायचा नाही. कपिलेश्वर पुलाचा चढ आला की उतरून चाला.

काठीची सोय कुणीच करत नाही. पोचल्यावर उतरून चालायचं कशाने? पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, खाली टोपण, मागच्या चिमट्याला चाकापासून लांब दोन क्लॅम्पनी उभा. काठी त्यात, वर रबरी ट्यूबचा वेढा.

सगळं बसलं की आधी डबल स्टँडवर. मागचं चाक उचललेलं असतं, तरी पुढे हँडल धरायला एक माणूस हवा. पूर्ण फेरीचा हट्ट नको. अर्धी पुढे, अर्धी मागे, झोपाळ्यासारखं. मागे फिरवताना फ्रीव्हील मोकळं सुटतं, पायावर काहीच भार येत नाही, म्हणून सुरुवात मागे फिरवण्यानेच करा. वरच्या टोकाला कंबर उचलावी लागत असेल तर पायडल अजून एक भोक आत घ्या.

रस्त्यावर जायची पहिली जागा गल्ली किंवा शाळेचं मैदान. टिळकवाडीकडच्यांना सकाळी लवकर व्हॅक्सिन डेपोचं आवार आहे. पावसाळ्यात थांबा. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलं की येळ्ळूरच्या बाजूला रस्त्यावर काळा चिखल येतो, त्यावर धडधाकट माणूसही घसरतो.

बॅटरीचं किट बसवून मागणारेही येतात. २५० वॅटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या ई-सायकलला नोंदणी लागत नाही. निघताना थ्रॉटलचा उपयोग होतो हे खरं, पण काही किट झटका देऊन सुटतात. मोकळ्या मैदानात पाहिल्याशिवाय घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर अंतर कमी करा. पोटरी एकीकडेच सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर सायकल सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ती रक्ताची गुठळी असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट मोठ्या दवाखान्यात.

गुडघा सुटत गेला की पायडल एकेक भोक बाहेर न्या आणि शेवटी पट्टी काढा. पट्टी मला परत आणून द्या, पुढचं गिऱ्हाईक असतंच. मूळ डावा क्रँक परत चढवताना कॉटर नवा घाला. जुना ठोकून चेमटलेला असतो. नवा पहिल्या दोन-चार दिवसांत दाबून बसतो आणि नट सैल होतो, तेव्हा तो आवळायला सायकल दुकानात आणा. त्याचे पैसे मी घेत नाही.