चकमक झडते, पण विस्तव पेटत नाही? या चुका टाळा

चकमक म्हणजे गारगोटीवर पोलाद घासून विस्तव पेटवायची जुनी रीत. तिची ठिणगी दगडातून निघते, ही समजूतच चुकीची. ती पोलादाची असते. गारगोटीची धार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तापलेला कीस हवेत जळतो. दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या तर अंधारात उजेड दिसतो, जळका वासही येतो, पण विस्तव पेटत नाही. लोखंड येण्याआधी माणसं फ्लिंट (गारगोटीच्या जातीचा कठीण दगड) पायराइट या खनिजावर मारत, कारण पायराइटमध्ये लोह असतं.

अस्सल फ्लिंट खडूच्या थरांत सापडतो. इंग्लंडमध्ये ग्राइम्स ग्रेव्हजला अश्मयुगीन माणसांनी त्यासाठी ९ मीटरहून खोल खाणी खणल्या. आपल्याकडे काळ्या पाषाणात सापडणारे गारगोटीच्या जातीचे दगड घ्या: कॅल्सेडनी, जॅस्पर, अकीक. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांची पातीही कॅल्सेडनीचीच. फसगत होते ती कॅल्साइट या पांढऱ्या, मऊ खनिजामुळे. चाकूच्या टोकाने ओरखडा उठला की तो दगड टाकून द्या.

नदीतली गुळगुळीत गारगोटी तशीच वापरू नका; फोडून ताजी धार काढा. फोडताना चष्मा हवा, आणि काम उघड्यावर करा. ही धूळ फुप्फुसांना घातक.

पोलाद म्हणून स्टेनलेस चमचा किंवा बांधकामाची सळई चालत नाही. जुनी कानस उत्तम, मात्र ती विस्तवात लाल करून वाकवलीत आणि तशीच निवू दिलीत तर तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, ठिणगी बंद.

सगळ्यात जास्त घोळ होतो ठिणगी झेलणाऱ्या कापडात. साधा कापूस ही ठिणगी सहसा धरत नाही; त्याचा कोळसा करावा लागतो. शुद्ध सुती कापडाचे ५ सेंटिमीटरचे तुकडे झाकणाच्या पत्र्याच्या डबीत सैल भरा. झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा आणि डबी निखाऱ्यांवर ठेवा. भोकातून येणारा धूर थांबला की उतरवा, भोक बुजवा, डबी पूर्ण गार होऊ द्या. घाईने उघडलीत तर हवा लागून आत राखच उरते. तुकडा तपकिरी असेल तर कच्चा, हात लावताच भुगा झाला तर जास्त भाजलेला. टेरिकॉट तर वितळून चिकटतं.

तुकडा दगडावर, धारेच्या अगदी काठाशी, अंगठ्याने दाबून धरा. पोलाद वरून खाली, धारेला तिरकं घासत आणा. ठोकू नका, ठोकल्याने धारच मोडते. काळ्या कापडावर लाल ठिपका पसरू लागला की वाळक्या गवताच्या घरट्यात ठेवून हलकी फुंकर घाला.

लायटरमधला ‘खडा’ गारगोटीचा नसतो. तो सेरियम नावाचा धातू आणि लोखंड यांचा मिश्रधातू, १९०३ सालचा शोध. तिथे धातू खड्यात आणि किसणी चाकात, म्हणून चाकाचे दात झिजले की नवा खडा घालूनही उपयोग होत नाही.