गोळ्या चालू आहेत, तरी आईचे सांधे ठणकतात: घरच्यांनी काय करावं

मी सांगलीत राहतो, आई तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी. कित्येक महिने रोज रात्री फोनवर विचारायचो, "दुखतंय का गं?" उत्तर ठरलेलं: "न्हाय रं, बरं हाय." मग एकदा शेजारच्या काकूंनी सांगितलं, "तुझ्या आईच्या निऱ्या सकाळी मी खोचून देते, बोटं वळत न्हाईत तिची." आईला आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सूज येते, सांधे आखडतात आणि दुर्लक्ष झालं तर वाकडे होतात. गोळ्या सुरू होत्या, पण गुण येत नव्हता, आणि येत नाही हे आम्हाला कळतही नव्हतं. तुमच्या घरी असंच असेल तर पुढच्या क्रमाने जा.

आधी प्रश्न बदला

"दुखतंय का?" या प्रश्नाला आई-वडील खरं उत्तर देत नाहीत. पोराच्या डोक्याला ताप नको म्हणून "बरं हाय" येतंच. त्याऐवजी कामाचं विचारा. आज भाकरी कुणी थापली? कुकरचं झाकण तूच लावलंस का? ब्लाउजचे हुक? या प्रश्नांत तक्रार करावी लागत नाही, त्यामुळे खरं बाहेर येतं.

मग एक दोनशे पानी वही घ्या. रोज चारच गोष्टी लिहायच्या: उठल्यावर पूर्ण मूठ वळायला किती वेळ लागला, कुठले सांधे सुजलेत, दुखण्याची जादा गोळी घेतली का, रात्री झोप लागली का. बोटं दुखत असतील तर लेखणी नातवाच्या हातात द्या. आमच्याकडे पुतण्या लिहितो आणि आज्जीने काही लपवलं की वहीत चक्क "खोटं" असा शेरा मारतो.

यात मुठीचा वेळ सगळ्यात मोलाचा. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकत असेल तर आत सूज धगधगतेय असं समजायला जागा आहे. दहा-पंधरा मिनिटांत सांधा सुटतो, पण दिवसभराच्या कामाने संध्याकाळी दुखतो, असं असेल तर ती बऱ्याचदा झीज असते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना हे सगळं दिसेलच असं नाही. महिनाभराच्या वहीत दिसतं.

औषध कसं घेतलं जातंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

औषध लागू पडत नाही म्हणण्याआधी ते नीट घेतलं जातंय का ते तपासा. आमवातात बहुतेकांना मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड येतं, जिवावरही बेतू शकतं. आमच्या आईने एकदा पाकीट बदललं म्हणून सलग तीन दिवस घेतली आणि तोंडात फोड आले तेव्हा आम्हाला कळलं. चूक आमचीच, नीट सांगितलं नव्हतं. तेव्हापासून कॅलेंडरवर गुरुवारांना लाल गोल आहे आणि गोळी काकूंच्या समोर घेतली जाते. सोबत दिलेलं फॉलिक ॲसिड वगळू नका, ते दुष्परिणाम कमी करण्यासाठीच असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर. हे औषध दुखणं थांबवणारं नाही, आजाराला वेसण घालणारं आहे. त्याचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी बंद करणारी किती घरं मी पाहिली! सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि पुढे साधारण दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी, यकृताचीही, ठरल्याप्रमाणे करून घ्या. आमवातावरचंच दुसरं एक औषध, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, वर्षानुवर्षे चालू असेल तर डोळ्यांचा पडदा तपासायला लागतो. स्टेरॉइडची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती आपल्या मनाने एकदम कधीही थांबवू नका.

मेडिकलमधून आपणच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही मोजा. त्या रोज घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना धोका असतो, आणि वय जास्त, बीपी, शुगर असेल तर तो वाढतो. आईच्या उशीखाली मला अशी तीन पाकिटं सापडली होती.

डॉक्टरांना "गुण नाही" एवढंच सांगू नका

तीन महिने औषध नीट घेऊनही मुठीचा वेळ घटत नसेल तर वही घेऊन जा आणि सरळ विचारा. डोस वाढवण्याला वाव आहे का? गोळीऐवजी इंजेक्शनने फायदा होईल का? दुसरं औषध जोडता येईल का? आणि महत्त्वाचं म्हणजे, हे दुखणं अजून सुजेचंच आहे का? अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, म्हणजे ईएसआर आणि सीआरपी, कमी असून माणूस कळवळत असेल तर आधीच झिजलेला सांधा, दबलेली नस किंवा सगळं अंग दुखवणारा फायब्रोमायाल्जिया असू शकतो. तिथे आमवाताचं औषध वाढवून उपयोग नाही. मात्र तपासणीचे आकडे चांगले आहेत म्हणून "आई, आता तुझं दुखत नसणार" असं कुणी म्हणू नये. दुखणं खरंच असतं, उगम वेगळा असतो.

हे ठरवायला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा तज्ज्ञ लागतो. सांगली-मिरजेत आधी चौकशी करा; तिथे वेळ मिळाली नाही तर कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे. साताऱ्याकडच्यांना पुणे जवळ. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, वयाची ७५ वर्षं झालेल्यांना तिकीटच लागत नाही. तरी सकाळी सातच्या गाडीत आईला बसवू नका. आखडलेल्या गुडघ्यांनी एसटीची पायरी चढणं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. द्राक्षवाल्या घरांनी तारीख ऑक्टोबर छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चची काढणी सोडून घ्यावी, नाहीतर ती तारीख हमखास बुडते.

जैविक औषधांचं (बायोलॉजिक, म्हणजे साध्या गोळ्यांनी भागलं नाही तर सूज रोखायला देतात ती महागडी औषधं) बोलणं निघालं तर घाबरू नका, पण घाईही नको. ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात, कारण अंगात दडलेला टीबी या औषधांनी जागा होऊ शकतो. खर्च मोठा असतो, म्हणून भारतात बनणाऱ्या बायोसिमिलरबद्दल, म्हणजे त्याच औषधांच्या स्वस्त जोडीदारांबद्दल, विचारा.

पुड्या, हळद आणि मिश्री

अमावस्येला मिळणारी पुडी, परगावच्या कुणाचा काढा, असं गावात कुणीतरी आणून देतंच. दोन दिवसांत जादू झाली तर सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. चेहरा गोल होणं, साखर वाढणं ही त्याची लक्षणं. आईला रागावू नका, पुडी डॉक्टरांना दाखवा. नाकारलं तर ती लपवून घेईल.

सांगलीत राहून हळदीविरुद्ध बोलायची माझी छाती नाही, तिला २०१८ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. पण हळदीतला गुणाचा घटक, कर्क्युमिन, जेमतेम दोन ते पाच टक्के, आणि तेही रक्तात फारसं उतरत नाही. रात्रीचं हळद-दूध खुशाल द्या, त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका.

मिश्रीचं कुणी विचारत नाही आणि आया सांगत नाहीत. तुम्ही सांगा. धूम्रपान करणाऱ्यांत या आजारावरची औषधं कमी लागू पडतात, हे माहीत आहे. मिश्री हाही तंबाखूच, आणि तिने हिरड्या खराब होतात. हिरड्यांच्या जुन्या आजाराचा आमवाताशी संबंध आढळलेला आहे. आईची मिश्री सुटायला आम्हाला आठ महिने लागले. आता ती डाव्या हाताने दात घासते आणि आम्हाला शिव्या देते.

घर आणि दिवस बदला

उठल्या उठल्या दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू हलवायची. गरम, लाल, फुगलेला सांधा असेल तर तिथे शेक नको, थंड पट्टी. दुखरा सांधा त्या दिवशी विसावू द्या, पण इतर दिवशी हलतं ठेवा. पूर्ण विश्रांतीने स्नायू गळतात आणि दुखणं वाढतं. हालचाली फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

भाकरीचा प्रश्न अवघड होता. थापताना मनगटं आणि बोटांच्या मुळांवर सगळा दाब येतो. आम्ही लाटून करू म्हणालो, तर आई म्हणाली, "लाटल्याली भाकरी भाकरी न्हवं." शेवटी तह झाला: सकाळचं थापणं वहिनीचं, दुपारी सांधे सुटल्यावर एक भाकरी आईची, तिच्या हौसेची. कळशी गेली, दोन हातांनी उचलायची छोटी बादली आली. लाटण्याला सुती कापड गुंडाळून ते जाड केलं, नळाच्या गोल मुठी काढून लांब दांड्याच्या बसवल्या, भारतीय संडासात कमोडची खुर्ची ठेवली. खर्च हजारांत गेला, पण वडिलांनी चकार शब्द काढला नाही.

झोप उडाली, जेवण तुटलं, माणूस गप्प झाला तर तेही डॉक्टरांना सांगा. सतत दुखणाऱ्या माणसाचं मन खचतं आणि त्यावर उपचार असतात. भावंडांत वार वाटून घ्या. रविवार माझा आहे, बुधवार बहिणीचा.

फोन लगेच कधी करायचा

ताप येऊन एकच सांधा अचानक लाल-गरम झाला. शौच काळी झाली. कोरडा खोकला आणि धाप लागली. मान दुखून हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा आला. मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप किंवा तोंडात फोड आले. यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. डॉक्टरांचा, रिक्षावाल्याचा आणि काकूंचा नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आखडलेल्या बोटांनी मोबाइलमध्ये नाव शोधणं तिला जमत नाही.