गरोदरपणात कॉम्प्रेशन मोजे: घेण्याआधीची आणि घेतल्यावरची तयारी

संध्याकाळी चपलेचा पट्टा पावलावर रुततो, पोटऱ्या भरून येतात, नोकरी वर्गात किंवा काउंटरमागे दिवसभर उभं राहायची आहे, किंवा आईला-बहिणीला बाळंतपणात पायाच्या शिरा फुगल्याचा त्रास झाला होता. यातलं काहीही लागू असेल तर कॉम्प्रेशन मोज्यांचा, म्हणजे पायाला बाहेरून दाब देणाऱ्या घट्ट मोज्यांचा, विचार आठव्या महिन्यावर ढकलू नका. पाचव्या-सहाव्या महिन्यात अजून वाकून पावलापर्यंत हात पोचतो, त्यामुळे माप नीट घेता येतं आणि घालायचा सरावही होतो.

दुकानाआधी दवाखाना. पुढच्या तपासणीला दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून डॉक्टरांना दाखवा आणि सरळ विचारा: मला हे मोजे चालतील का, किती दाबाचे आणि किती लांबीचे? मधुमेहामुळे पावलं बधिर झाली असतील, पायाच्या रोहिण्यांमधून (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नळ्यांमधून) रक्त कमी पोचत असेल, हृदयाचा आजार असेल किंवा पायावर जखम, गजकर्ण असेल तर घट्ट मोज्याने अपाय होऊ शकतो, म्हणून हे विचारणं टाळू नका. रक्तदाबही त्याच वेळी मोजून घ्या. “गरोदरपणात पाय सुजतातच” हे घरोघरी ऐकू येतं आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण २० आठवड्यांनंतर चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगड्यांखाली दुखू लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकच पाय सुजला, पोटरी गरम लागते आणि दुखते, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला तेल लावून मालीश करू देऊ नका, मोजाही चढवू नका, लगेच दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ला फोन.

मोजा नेमकं काय करतो हे कळलं की निवड सोपी जाते. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) शिरांच्या भिंती सैलावतात आणि वाढलेलं गर्भाशय पायांकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. डाव्या पायाला जास्त त्रास होतो, कारण त्या पायाची मोठी शीर ओटीपोटात उजव्या रोहिणीखालून जाते. चांगला मोजा घोट्याशी सगळ्यात घट्ट असतो आणि वर जाताना दाब कमी होत जातो, म्हणजे रक्त वर ढकललं जातं. याने जडपणा, ठणका आणि सूज कमी होते. नव्या शिरा फुगणं मात्र थांबेलच असं नाही, तसं वचन देणाऱ्या जाहिरातीवर भरवसा ठेवू नका.

आता माप. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच कामासाठी आहे. सकाळी उठल्या उठल्या, फिरायला लागण्याआधी, शिवणकामाची टेप घ्या. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय सगळ्यात बारीक असतो तिथला घेर. मग पोटरीचा सगळ्यात जाड घेर. मग टाच जमिनीवर टेकवून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. मांडीपर्यंतचे किंवा कमरेपर्यंतचे घ्यायचे असतील तर मांडीचा वरचा घेर आणि नितंबांचा घेरही लागतो. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी लिहा, बरेचदा फरक निघतो. संध्याकाळच्या सुजलेल्या पायाचं माप घेतलं की मोजा सैल निघतो आणि काहीच काम करत नाही. कागद घेऊन सर्जिकल दुकानात जा आणि खोक्यामागच्या तक्त्याशी आकडे जुळवा. दुकानदार नुसतं बघून “तुम्हाला एल बसेल” म्हणाला तरी टेपवरचा आकडाच खरा. वजन वाढलं म्हणून पायाची साइजही वाढते असं नाही. उघडलेली जोडी बरीच दुकानं परत घेत नाहीत, तेव्हा ही दहा मिनिटं आधीच खर्च करा.

दाब ‘एमएमएचजी’मध्ये (mmHg, रक्तदाब मोजतात तेच एकक) लिहिलेला असतो. साध्या जडपणासाठी १५ ते २० पुरतो. २० ते ३० आणि त्यापुढचे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. खोक्यावर दाबाची श्रेणी म्हणून ‘क्लास १’ लिहिलेलं असेल तर एवढंच वाचून थांबू नका, कारण ब्रिटिश पद्धतीत क्लास १ म्हणजे १४ ते १७ आणि जर्मन पद्धतीत १८ ते २१. हॉस्पिटलात ऑपरेशननंतर घालतात ते पांढरे मोजे वेगळे, ते पडून असलेल्या पेशंटसाठी असतात.

बहुतेकींना गुडघ्यापर्यंतचे पुरतात. मांडीवर किंवा योनीभोवती शिरा फुगल्या असतील तर मॅटर्निटी टाइट्सचा, म्हणजे गरोदरपणासाठीच्या कमरेपर्यंतच्या मोज्यांचा, विचार करा. त्यात पोटावरचा भाग मऊ आणि ताणला जाणारा हवा, पोट आवळलं जाता कामा नये, आणि जांघेत सुती पट्टी हवी. पण गरोदरपणात लघवीला किती वेळा जावं लागतं ते लक्षात घ्या. दर वेळी टाइट्स उतरवून पुन्हा चढवणं जमणार आहे का, हे घेण्याआधी ठरवा. मांडीपर्यंतच्या मोज्यांना वर सिलिकॉनची पट्टी असते, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिथे खाज सुटते. अशा हवेत बोटं उघडी ठेवणारे मोजे मला जास्त सोयीचे वाटतात.

जोडवी आणि पैंजण मोजा चढवण्याआधी काढा. जोडव्याच्या कडेत एक धागा अडकला की जाळी सुटत जाते. शिवाय बोट सुजल्यावर जोडवं निघता निघत नाही, म्हणून तेही आधीच काढून ठेवलेलं बरं. घरात कोणी नाराज होत असेल तर डॉक्टरांचं नाव सांगा. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवायचं, टाच टाचेवर नीट बसवायची आणि मग तळहाताने थोडा थोडा वर चढवायचा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड छान येते. पाय कोरडा हवा, क्रीम रात्री लावा. वरची कड दुमडायची नाही, ती दुमडली की तिथेच पट्टा आवळल्यासारखं होतं. सुरकुती राहू देऊ नका. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या, दुखलं तर लगेच काढा. रात्री झोपताना काढायचेच, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. आठव्या-नवव्या महिन्यात स्वतःला जमत नाही, तेव्हा नवऱ्याला आत्ताच दोन-चारदा तुमच्या पायात घालून बघायला सांगा.

दोन जोड्या घ्या, रोज धुवायला लागतात. कोमट पाणी, साधा साबण, हाताने. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवा. चार-सहा महिन्यांत मोज्याचा ताण कमी होतो.

डोहाळजेवणानंतर माहेरी जाताना एसटीने, गाडीने किंवा विमानाने चार तासांपेक्षा जास्त बसून राहायचं असेल तर त्या दिवशी मोजे घालाच. जोडीला पावलं वर-खाली हलवत राहा, पाणी प्या आणि मध्ये मध्ये उठून चाला.

एक धुतलेली जोडी बाळंतपणाच्या बॅगेत टाका. गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो, सिझेरियन झालं तर आणखी. माहेरी बाजेवर पडून राहायचा आग्रह होईल. आईला आधीच सांगून ठेवा की डॉक्टरांनी उठायला सांगितलं की त्याच दिवशी घरातल्या घरात चालायचं आहे. मोजे किती दिवस चालू ठेवायचे ते डिस्चार्जच्या वेळी विचारून कागदावर लिहून घ्या.